ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये चालू व्हायला त्रास देते: दोष कसा शोधायचा

गिअर लिव्हर पार्कमध्ये आहे, पाय ब्रेकवर आहे, चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली, लिव्हर जरा मागेपुढे केला, आणखी एकदा फिरवली तर गाडी लगेच चालू. पुढे काही दिवस सगळं सुरळीत, आणि मग एका घाईच्या सकाळी पुन्हा तेच. असा लपंडाव सुरू झाला की बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात. तिने भागलं नाही की सेल्फ बदलतात. दोन्हींचे पैसे गेल्यावर कळतं की दोष गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेल्या एका छोट्या स्विचमध्ये होता, किंवा त्या स्विचपर्यंत पोचणाऱ्या केबलमध्ये.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. एकही भाग विकत घेण्याआधी फक्त दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची. चावी फिरवल्यावर नेमका कोणता आवाज येतो? आणि तीच गाडी न्यूट्रलमध्ये कशी वागते? हाती घेतलेली प्रत्येक पुढची तपासणी या दोन उत्तरांवर ठरते.

आत काय घडतं

गाडी चालू करताना वीज दोन वाटांनी जाते. एक जाड वाट: बॅटरीपासून जाड केबलने थेट सेल्फपर्यंत, म्हणजे स्टार्टर मोटरपर्यंत. साध्या पेट्रोल गाडीतही इथून शंभर-दोनशे अँपिअर करंट जातो, डिझेलला त्याहून जास्त लागतो. दुसरी बारीक वाट: ही इंजिन फिरवत नाही, फक्त परवानगी देते. चावी किंवा बटण, ब्रेक पेडलचा स्विच, इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा), गिअर कुठे आहे हे सांगणारा स्विच आणि स्टार्टर रिले (थोड्या विजेवर चालणारा आपोआप स्विच) असे तिचे टप्पे. सगळ्यांनी होकार दिला की रिले ओढला जातो, तो सेल्फवरच्या सॉलेनॉइडला, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचला, वीज देतो, आणि सॉलेनॉइड जाड वाट जोडतो. नव्या गाड्यांत हे होकार आधी कॉम्प्युटरकडे जमा होतात, पण क्रम साधारण तोच.

गिअरचा स्विच या साखळीत मुद्दाम ठेवलेला असतो. गाडी ड्राइव्ह किंवा रिव्हर्समध्ये असताना सेल्फ लागला तर ती चालू होताक्षणी पुढे किंवा मागे झेप घेईल. म्हणून सेल्फ फक्त पार्क आणि न्यूट्रल या दोनच जागी लागू दिला जातो. या स्विचला गॅरेजमध्ये न्यूट्रल सेफ्टी स्विच, इन्हिबिटर स्विच किंवा रेंज सेन्सर अशी वेगवेगळी नावं ऐकायला मिळतील. काम एकच.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीला, तिच्या टर्मिनलना, जाड केबलला किंवा सेल्फच्या मोटरला गिअर कुठे आहे हे कळत नाही. त्यामुळे पार्कमध्ये गाडी अडते आणि न्यूट्रलमध्ये अडत नाही, असा फरक वारंवार दिसत असेल तर दोष बारीक वाटेवर, आणि तिथेही लिव्हर ते स्विच या टप्प्यातच असणार. तो फरक दिसत नसेल तर स्विचच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सुरुवात करण्याआधी

गाडी सपाट जागी आणि उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू-बंद करत बसू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास देतो. हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकाच्या पुढे-मागे लाकडी ठोकळा किंवा दगड लावा. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नको. पुढच्या प्रत्येक चाचणीत पाय ब्रेकवर घट्ट हवा, कारण आपण ज्या स्विचवर संशय घेतोय तोच चुकला तर गाडी हलू शकते.

एक खातरजमा आणखी. एएमटी प्रकारच्या (साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या) अनेक गाड्यांना पार्क ही जागाच नसते, त्या ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये चालू करायच्या असतात. आणि हायब्रिड गाड्यांत बहुधा नेहमीचा सेल्फ नसतो. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर तिथे उच्च दाबाची वीज असते, त्यांना हात लावू नका. खालची माहिती टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच गिअरबॉक्स असलेल्या नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे.

पहिली पायरी: कान द्या

रेडिओ, पंखा, एसी, हेडलाइट सगळं बंद करा, काच खाली घ्या आणि चावी फिरवा. डॅशबोर्डच्या दिव्यांकडे लक्ष ठेवा.

पूर्ण शांतता, पण डॅशबोर्डचे दिवे नेहमीसारखे लख्ख: बारीक वाट अडली आहे. गिअरचा स्विच, ब्रेकचा स्विच, चावी, रिले, फ्यूज यांपैकी काहीतरी. बोनेटखालून रिलेचा अगदी हलका टक् ऐकू आला तर रिलेपर्यंतची वाट ठीक असण्याची शक्यता वाढते.

भराभर टकटकटकटक, आणि त्याबरोबर दिवे मिणमिणतात: बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. इथे गिअरच्या स्विचचा काही संबंध नाही.

एकच जड टक्, पुढे काही नाही: सॉलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. सेल्फ, जाड केबल, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिनशी जोडणारी पट्टी) किंवा कमजोर बॅटरी.

घुर्र... घुर्र... असा दमलेला, संथ आवाज: पुन्हा बॅटरी आणि केबल, क्वचित सेल्फ.

इंजिन जोमाने फिरतं, पण पेट घेत नाही: हे सगळ्यांत जास्त गोंधळात टाकणारं. नेहमीच्या गाड्यांत गिअरचा स्विच सेल्फला अडवतो. सेल्फ लागला, इंजिन फिरलं, म्हणजे स्विचने परवानगी दिली. आता शोध इंधन आणि स्पार्कच्या बाजूला.

आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी चालू होते, तेव्हा हा पुरावा कामी येतो.

दुसरी पायरी: पार्क आणि न्यूट्रलची तुलना

पार्कमध्ये प्रयत्न करा. सेल्फ नाही लागला तर ब्रेक तसाच दाबून, चावी ऑनवर ठेवून लिव्हर न्यूट्रलमध्ये आणा आणि चावी फिरवा. एकदा चालू झाली म्हणून निष्कर्ष काढू नका. कमजोर बॅटरीसुद्धा पहिल्या खेपेला थकते आणि थोड्या विश्रांतीनंतर दुसऱ्या खेपेला साथ देते, मग श्रेय न्यूट्रलला जातं. म्हणून क्रम उलटापालटा करा: एकदा आधी पार्क, पुढच्या वेळी आधी न्यूट्रल. वेगवेगळ्या वेळी हे करून पाहा, सकाळी थंड इंजिनावर आणि लांब फेरीनंतर गरम इंजिनावर.

बॅटरी इतकी उतरली असेल की लिव्हर पार्कमधून निघतच नाही, तर लिव्हरच्या बाजूला एखादं छोटं झाकण किंवा खाच शोधा. अनेक गाड्यांत तिच्याखाली शिफ्ट लॉक रिलीज, म्हणजे लिव्हरचं कुलूप हाताने सोडवणारा खटका, असतो. हँडब्रेक ओढून, पातळ स्क्रूड्रायव्हरने तो दाबून लिव्हर न्यूट्रलमध्ये नेता येतो. जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

काही नव्या गाड्यांत लिव्हर म्हणजे नुसता इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि इंजिन बंद केलं की गाडी आपोआप पार्कमध्ये जाते. तिथे ही तुलना जमेलच असं नाही. अशा गाडीत सरळ शेवटच्या, स्कॅनरच्या पायरीवर जा.

न्यूट्रलमध्ये लागतो, पार्कमध्ये नाही

आता शोधाचं क्षेत्र छोटं झालं. चावी ऑन ठेवा, इंजिन बंदच राहू द्या, ब्रेक दाबा आणि लिव्हर प्रत्येक जागी सावकाश न्या. डॅशबोर्डवर दिसणारं अक्षर लिव्हरच्या जागेशी जुळतं का? पार्कमध्ये पी उमटायला वेळ लागतो का, मधेच गायब होतं का? रिव्हर्समध्ये टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लगेच लागतो का? अनेक गाड्यांत रिव्हर्सचा दिवा याच स्विचमधून जातो, त्यामुळे तोही लहरी झाला असेल तर संशय पक्का होत जातो.

मग पार्कमध्ये लिव्हर शेवटपर्यंत पुढे दाबून धरा आणि तसंच चावी फिरवा. दाबून धरल्यावर हमखास लागतो आणि सोडल्यावर लागत नाही, असं असेल तर स्विचपेक्षा केबलकडे बोट जातं. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल कालांतराने सैल पडते. बऱ्याच वेळा केबलही चांगली असते, फक्त तिच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश (सांध्यातली छोटी कडी) झिजलेलं किंवा फुटलेलं असतं. परिणाम असा की लिव्हर पार्कमध्ये पोचतो, पण गिअरबॉक्सवरची दांडी पार्कच्या अलीकडेच थांबते. स्विचला पार्क दिसत नाही, तो परवानगी देत नाही.

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. ‘न्यूट्रलमध्ये चालू होते ना, मग चालतंय की’ असं म्हणून महिनोन्‌महिने गाडी तशीच वापरणारे खूप आहेत. पण दांडी पार्कपर्यंत पोचतच नसेल तर प्रश्न फक्त चालू होण्याचा राहत नाही. पार्कमध्ये गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खिट्टी दातेरी चाकात अडकते आणि गाडी धरून ठेवते. दांडी अर्धवट राहिली तर खिट्टी नीट अडकत नाही, आणि उतारावर उभी केलेली गाडी सुटू शकते. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढा, उतारावर गाडी उभी करणं टाळा, आणि मुलांना गाडीत एकटं ठेवू नका.

केबल पाहायची असेल तर इंजिन बंद ठेवून, बोनेट उघडून वरून पाहा. एकाने लिव्हर हलवावा, दुसऱ्याने गिअरबॉक्सवरच्या दांडीकडे पाहावं. लिव्हर हलतो पण दांडी उशिरा हलते, म्हणजे मधे ढिलाई आहे. वरून दिसत नसेल तर थांबा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, ते काम गॅरेजच्या लिफ्टवरचं आहे.

दांडी पूर्ण जागी जाते आणि तरी पार्कमध्ये शांतता, तर स्विच. आतले संपर्क झिजतात किंवा काळे पडतात, कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवट गंज येतो, किंवा बसवणारे बोल्ट सैल होऊन स्विच जागेवरून किंचित सरकतो. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच त्रास होत असेल तर आधी कनेक्टर काढून पाहावा, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून कोरडा करावा. सरकलेला स्विच बऱ्याच गाड्यांत जुळवून घेता येतो: गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा, बोल्ट सैल करायचे, स्विचवरची खूण दांडीच्या खुणेशी जुळवायची, बोल्ट पुन्हा आवळायचे. खुणा मॉडेलप्रमाणे बदलतात. सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर नवख्याने इथे पाना लावू नये. आधी केबल जुळवायची, मगच स्विच. उलट केलं तर चुकीच्या केबलला स्विच जुळतो आणि दोष नुसता झाकला जातो.

या स्विचच्या दोन वायर एकमेकींना जोडून तो कायमचा बाद करण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. त्यानंतर ती गाडी ड्राइव्हमध्येही चालू होईल, आणि एखाद्या दिवशी समोर कोणीतरी उभं असेल.

दोन्हीकडे सारखाच त्रास

फरक नाही, आणि आवाज टकटक किंवा संथ घुर्र. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) डीसी २० व्होल्टवर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चालू करण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच. पण आकडा चांगला दिसला म्हणून बॅटरी निर्दोष ठरत नाही. खरी परीक्षा भाराखाली होते. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि आकडा पाहा. सेल्फ फिरत असताना तो साधारण ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीत दम उरलेला नाही. इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवं. चालू इंजिनावरही १२.५ च्या आसपासच राहिला तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज तयार करणारं यंत्र, बॅटरी भरत नाही, नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल हाताने पिळून पाहा. हाताने फिरत असेल तर सैल आहे. पांढरट किंवा हिरवट भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने साफ करा, हातमोजे घाला. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. अर्थिंगची पट्टी सगळ्यांत दुर्लक्षित असते: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीची खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट असं मोजलं तर ०.५ पर्यंत चालतं.

हे सगळं चोख असूनही एकच जड टक् येत असेल तर सेल्फ उतरवून तपासायची वेळ आली. सेल्फच्या अंगावर हातोडीच्या लाकडी मुठीने हलकं ठोकल्यावर तो लागला तर आतले ब्रश किंवा संपर्क झिजलेत. हा उपाय घरी पोचण्यापुरता आहे. ठोकताना हात आणि कपडे बेल्ट-पंख्यापासून लांब ठेवा.

दोन्हीकडे पूर्ण शांतता

बटणाच्या गाडीत पहिला संशय ब्रेकच्या स्विचवर घ्या. कोणाला तरी मागे उभं करून, किंवा मागच्या भिंतीवर उजेड पडतो का ते पाहून, ब्रेकचे दिवे लागतात का तपासा. नाही लागले तर पेडलच्या वर बसवलेला स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला आहे. दिवे लागले तरी स्विच पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण काही स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर ब्रेक बूस्टरमधला (पेडल हलकं करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम निघून जातो आणि पेडल दगडासारखं लागतं. अशा वेळी हलका पाय पुरत नाही. दोन्ही पायांनी जोर लावून दाबा आणि मग बटण दाबा. नवख्यांची निम्मी घबराट इथेच संपते.

चावी ओळखली जात नसल्याचा संदेश आला, किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला, तर चावीतला छोटा सेल संपला असेल. बहुतेक गाड्यांत चावी बटणाला टेकवून धरली तरी गाडी तिला ओळखते. काहींत तिच्यासाठी वेगळी जागा असते. दुसरी चावी असेल तर तिनेही करून पाहा.

मग फ्यूज बॉक्स. झाकणाच्या आतल्या नकाशावर स्टार्टर रिले शोधा. त्याच नंबरचा आणि तितक्याच पायांचा दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा, शेजारीच असतो. चावी बंद करून दोघांची अदलाबदल करा. गाडी चालू झाली आणि हॉर्न बंद पडला, तर दोषी सापडला.

इंजिन फिरतं, पेट घेत नाही

याचा पार्कशी संबंध नाही, म्हणून थोडक्यात. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते का ऐका, तो पेट्रोल पंप. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर लगेच चालू होत असेल तर लाइनमधला दाब उभ्या गाडीत उतरतोय. गरम झाल्यावरच नखरे करणारी आणि थंड झाली की चालू होणारी गाडी असेल तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर, तपासायला सांगा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर धड असलेला सेल्फही जळेल.

धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी चालू करायचा प्रयत्न करू नका. साध्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांना जोडणाऱ्या क्लचना तेलाचा दाब लागतो, आणि तो दाब देणारा पंप इंजिनच फिरवतं. इंजिन बंद, म्हणजे दाब नाही.

स्कॅनर आणि गॅरेज

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यात साठलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, बारीक वाटेचे बरेच दोष वाचतो. पी०७०५ आणि पी०७०६ हे कोड गिअरच्या रेंज सेन्सरकडे बोट दाखवतात, पी०८५० पार्क-न्यूट्रल स्विचच्या सिग्नलकडे, पी०६१५ स्टार्टर रिलेच्या सर्किटकडे, पी०५७१ ब्रेकच्या स्विचकडे, पी०३३५ क्रँक सेन्सरकडे. कोड दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे ते सांगतो, भाग बदलायलाच हवा असं नाही. सेन्सरइतकीच तुटकी वायर किंवा ओला कनेक्टरही तोच कोड उमटवतात.

मेकॅनिककडे जाताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. आवाज कोणता, पार्क आणि न्यूट्रलमध्ये फरक आहे की नाही, थंड की गरम, कोरडं की ओलं, उतारावर की सपाटीवर, बॅटरीचे मोजलेले आकडे, असतील ते कोड, सगळं लिहून न्या. बदललेला जुना भाग परत मागून घ्या.

आणि दुरुस्ती झाल्यावर, गॅरेजमधून निघण्याआधी, मोकळ्या जागेत ब्रेक व हँडब्रेक घट्ट ठेवून चारही जागी चावी फिरवा. पार्क आणि न्यूट्रलमध्ये सेल्फ पहिल्याच खेपेला लागायला हवा, रिव्हर्स आणि ड्राइव्हमध्ये अजिबात नाही. रिव्हर्सचा दिवा पाहा. मग हलक्या उतारावर गाडी पार्कमध्ये टाका, ब्रेकवर पाय तयार ठेवून हँडब्रेक सावकाश सोडा. गाडी जराशी हलून खिट्टीवर थांबली पाहिजे. ती घरंगळत राहिली, किंवा ड्राइव्हमध्ये सेल्फ लागला, तर गाडी तिथेच सोपवून या.